संप करता येत नाही, त्यांच्या पेन्शनचे काय?

१४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी संपावर गेले. यवतमाळ जिल्ह्यातही कार्यालये ओस पडली. सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर निर्णय घेऊ, असे आश्वासन मिळाल्यावर २० मार्चला संप मागे घेतला गेला. त्या आठवड्यात मोर्चाच्या कडेने बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस शिपाई मात्र गप्प होता. तो २००५ नंतर भरती झालेला असेल, तर समोरच्या घोषणेतली मागणी त्याचीही होती.

त्याला ती मांडता येत नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा १९६६ चा केंद्रीय कायदा त्याला परवानगीशिवाय कोणत्याही कामगार संघटनेत जाऊ देत नाही. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हा सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. शिस्तीच्या दलात संप नको, हे मान्य करता येईल. पण ज्यांच्याकडून आपण तोंड उघडण्याचा हक्क काढून घेतला, त्यांच्या म्हातारपणाची काळजी सरकारने न मागता घ्यायला हवी. ती घेतली गेली नाही.

राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू होणे बंद झाले. त्याजागी पगारातून दहा टक्के कपात, त्यात सरकारची भर आणि बाजारात गुंतवणूक, अशी अंशदायी योजना आली. कागदावर हे नीटनेटके दिसते. शिपायाच्या हिशेबात ते कसे उतरते? समजा, निवृत्तीला खात्यात चाळीस लाख जमले. त्यातले चोवीस लाख हातात येतात आणि उरलेल्या सोळा लाखांतून विमा कंपनीकडून मासिक पेन्शन विकत घ्यावी लागते. सहा टक्के दराने ती महिन्याला आठ हजार भरते, आणि तिच्यावर महागाई भत्ता नाही. शेवटचे मूळ वेतन साठ हजार असलेल्या जुन्या नियमांतल्या सहकाऱ्याला तीस हजार आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. दोघांनी एकाच ठाण्यात, एकाच पोळ्याच्या मिरवणुकीत घाम गाळलेला असतो.

सरकार हलले नाही, असे म्हणता येणार नाही. नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय मार्च २०२३ च्या अखेरीस झाला. ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना २०२४ च्या सुरुवातीला जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मार्च २०२४ मध्ये शेवटच्या वेतनाच्या पन्नास टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, अशी सुधारित योजना विधिमंडळात जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने ती स्वीकारली.

हे सगळे मिळाले ते संप करू शकणाऱ्यांच्या जोरावर. म्हणूनच पोलिसाच्या कामाचा वेगळा विचार त्यात कुठेच नाही.

जिल्हा कार्यालयातला लिपिक आणि पांढरकवड्याच्या महामार्गावर रात्रभर नाकाबंदी करणारा हवालदार, दोघेही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. हवालदाराच्या बारा तासांच्या पाळ्या, हुकलेले सण, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत चौकातली ड्युटी, यांचे नियमांत वजन शून्य. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा जवान शहीद झाले. त्यांतले एक आपल्या आर्णी तालुक्यातले होते. शहिदांच्या कुटुंबांसाठी राज्याच्या वेगळ्या सवलती आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण रोजच्या ड्युटीने हळूहळू झिजणाऱ्या शरीराला कुठलीच सवलत नाही.

असा वेगळा विचार करायला कोणी नव्याने शोध लावायचा नाही. २००४ साली केंद्राने नवी पेन्शन आणली, तेव्हा लष्कर, नौदल आणि हवाई दल तिच्याबाहेर ठेवले. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांनाही जुनी पेन्शन द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. अमेरिकेच्या केंद्र सरकारात पोलीस आणि अग्निशमन जवानांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. वीस वर्षे सेवा झाली की ते पन्नाशीत निवृत्त होऊ शकतात आणि पहिल्या वीस वर्षांच्या सेवेसाठी त्यांच्या पेन्शनचा दर इतरांहून जास्त धरला जातो. त्यासाठी ते थोडी जास्त वर्गणीही भरतात. धोका आणि झीज नियमांत कशी मोजावी, याचे हे चालू उदाहरण आहे.

अग्निशमन जवानांची स्थिती तर याहून वाईट. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, सगळीकडे अग्निशमनाचे काम नगर परिषदांचे. कापसाच्या हंगामात जिनिंगमधल्या गंजीला आग लागली की वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. कापूस उपसत, धूर गिळत, बंबामागून बंब रिकामे करत माणसे तासन्‌तास तिथेच असतात. कायम सेवेतल्या जवानाला निदान पेन्शनची चौकट आहे. कंत्राटदारामार्फत आलेल्याला भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवर भिस्त ठेवावी लागते. तिचा हिशेब पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर होतो. पंधरा वर्षे पूर्ण वर्गणी भरली तरी महिन्याला सव्वातीन हजारही भरत नाहीत. त्यातही वर्गणी वेळेवर भरली जाते की नाही, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

१९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले, म्हणून दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या दिवशी हार घालणाऱ्यांनी या जवानांच्या वर्गणीचे पासबुकही एकदा मागून पाहावे.

२००५-०६ मध्ये भरती झालेल्या शिपायांची वीस वर्षे आता भरत आली आहेत. स्वेच्छानिवृत्तीचा विचार त्यांच्या घरात सुरू होण्याची वेळ हीच. म्हणून पोलीस आणि अग्निशमन जवानांसाठी निवृत्तिवेतन नियमांत स्वतंत्र प्रकरण हवे: पंचवीस वर्षे रस्त्यावरची सेवा झाल्यावर पूर्ण पेन्शनसह बाहेर पडण्याची मुभा, आणि वर्गणीतला जास्तीचा वाटा सरकारचा. हे मुंबईत ठरायचे आहे. नगर परिषदांना मात्र तोवर थांबायचे कारण नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी त्यांच्यावरच येते. तेव्हा कंत्राटदाराचे बिल काढण्यापूर्वी प्रत्येक जवानाच्या खात्यातली त्या महिन्याची नोंद तपासायची, एवढी अट करारात आजही घालता येते.