धमकीची दखल पहिल्याच दिवशी

२५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडनजीक इंधनाची चोरी व भेसळ करणाऱ्या टोळीने अंगावर रॉकेल ओतून भरदिवसा जिवंत जाळले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान शरमेने खाली गेली आणि राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी लेखणी खाली ठेवून आपला संताप प्रकट केला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी तेलंगणातील अब्दुल्लापूरमेटच्या तहसीलदार विजया रेड्डी यांना जमिनीच्या तंट्यातून त्यांच्याच दालनात पेटवून देण्यात आले. त्यांना वाचवायला धावलेला वाहनचालकही प्राणास मुकला आणि हल्लेखोरही भाजून मेला. पहिल्या घटनेच्या मुळाशी संघटित लोभ होता, दुसरीच्या मुळाशी न मिटलेली तक्रार होती. लोभाला आवर घालण्याचे उपाय निराळे आणि तक्रारीचे निवारण करण्याचे निराळे. पण दोहोंचा विचार हल्ला होऊन गेल्यावर नव्हे, तर पहिली धमकी कानी पडते त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आपला कायदा मात्र हात उगारला जाईपर्यंत बहुधा स्वस्थ असतो. लोकसेवकावर हल्ला करून त्याला कर्तव्यापासून परावृत्त करण्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ मध्ये दोन वर्षांपर्यंतची कैद होती. महाराष्ट्राने दुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोनच वर्षे आहे. परंतु शिक्षेच्या या चढउतारापेक्षा मला अधिक गंभीर वाटते ती गोष्ट निराळीच आहे. लोकसेवकाला इजा करण्याची नुसती धमकी देणे हा न्याय संहितेच्याच कलम २२४ खाली गुन्हा असला, तरी तो अदखलपात्र गणला जातो. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. ज्या घडीला अनर्थ टाळता येण्याजोगा असतो, नेमक्या त्याच घडीला शासनाचा हात आखडता राहतो.

नदीपात्रातून रात्री वाळूचा डंपर निघतो आणि एखादा तलाठी, सोबतीला फार तर एक कोतवाल घेऊन, दुचाकी आडवी लावून तो अडवतो. ‘गाडी सोड, नाहीतर बघून घेऊ,’ हे शब्द त्याने त्यापूर्वीही फोनवर ऐकलेले असतात, आणि वरिष्ठांच्या कानावर घातले असता ‘जरा सांभाळून राहा’ एवढाच सल्ला त्याला मिळालेला असतो. जमिनीचा फेरफार, मोजणी, पंचनामा, आवकजावक या साऱ्यांची बारकाईने नोंद ठेवणाऱ्या महसूल खात्यात अशी धमकी बहुधा तोंडीच विरून जाते. आणि ज्याने ती ऐकली त्याने तक्रारीचा आग्रह धरलाच, तर एखाद्या वजनदार पुढाऱ्याच्या शब्दाखातर बदलीचा हुकूम त्याच्याच हाती पडण्याची भीती असते. अशा स्थितीत एकट्या माणसाच्या धैर्यावर भिस्त ठेवणे म्हणजे शासनाने आपली जबाबदारी त्याच्या बायकामुलांच्या माथी मारणे होय.

म्हणून प्रत्येक कचेरीत धमक्यांची स्वतंत्र नोंदवही असावी. तीत वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहिले जावेत. आणि पोलिसांकडे फिर्याद देण्याचे तसेच न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठपुरावा करण्याचे काम कार्यालयप्रमुखाने स्वतःच्या सहीने, कार्यालयाच्या वतीने करावे. धमकी देणारा बाहेरचा असो, लोकप्रतिनिधीचा हस्तक असो किंवा शेजारच्या टेबलावरचा सहकारी असो, नियम एकच असावा. तक्रारदाराची बदली ठरावीक काळपर्यंत त्याच्या लेखी संमतीखेरीज होऊ नये, आणि वाळूवरची कारवाई पोलीस बंदोबस्तावाचून होऊ नये. कचेरीची मांडणीही डोळे उघडे ठेवून तपासावी. कित्येक ठिकाणी अधिकाऱ्याची खुर्ची खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, मागे लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांचे रॅक, समोर अर्जदार आणि अर्जदाराच्या पाठीशी एकुलते एक दार, अशी रचना असते; आतल्या माणसाला बाहेर पडायला दुसरी वाटच नसते. दुसरे दार काढायला लागणारा खर्च कोणत्याही तालुक्याला झेपणारा आहे.

तथापि या तजविजीचे रूपांतर जनतेविरुद्धच्या तटबंदीत होता कामा नये. ‘सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम ३५३’ अशा पाट्या अनेक कचेऱ्यांतून ठळक लावलेल्या आपण पाहिल्या आहेत. पण सातबाऱ्यावरील चूक दुरुस्त करण्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या, दर खेपेला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढेच ऐकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या कामात अडथळा कोणी आणला, हे त्या पाट्या सांगत नाहीत. त्याच्या हालांनी हिंसेचे समर्थन तिळमात्र होत नाही. तरीही त्याचा चढता स्वर हा कार्यालयाला मिळालेला इशारा असतो, आणि त्याची नोंदही त्याच वहीत, त्याच्या प्रलंबित अर्जाच्या क्रमांकासह झाली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे, आणि ती टळल्यास अपिलाची वाटही दाखवली आहे. नकाराचे कारण लेखी देऊन, अपील कोणाकडे करायचे हे समोर बसवून समजावून सांगणारा कारकून स्वतःच्या सुरक्षिततेचीही तरतूद करीत असतो.

कर्मचाऱ्याला अभय आणि नागरिकाला न्याय ही एकाच शासनाची दोन कर्तव्ये आहेत. बळी गेल्यावर श्रद्धांजली, काळ्या फिती आणि काम बंद या क्रमाची आपल्याला सवय झाली आहे; ती मोडायची असेल, तर राज्य शासनाने धमकीची नोंद आणि कार्यालयाच्या वतीने फिर्याद या दोन गोष्टी सर्व खात्यांना बंधनकारक करणारा शासन निर्णय विनाविलंब काढावा, आणि जो कार्यालयप्रमुख त्याकडे डोळेझाक करील त्याला जाब विचारावा.