हवेंतील चिमूट

डोळ्यांवर चढवावयाचा एक नवीन यांत्रिक चष्मा अलीकडे कांहीं सुखवस्तु घरांतून दिसूं लागला आहे. तो चढविला म्हणजे आपल्याच माजघरांत चित्रें, पुस्तकांचीं पानें, खेळ हीं हवेंत तरंगत असल्याचा भास होतो. त्यांतील विशेष असा कीं, तो चालविण्यास हातांत कांहींच धरावें लागत नाहीं. बोट दाखवावें, चिमूट घ्यावी, कीं पान उलटतें. औशासारख्या गांवीं हा चष्मा तूर्त पुण्यामुंबईहून सुटीस येणाऱ्या मुलांच्या पेटींतूनच येतो. परंतु मोबाईलही प्रथम असाच आला होता. म्हणून तो घरोघर होण्यापूर्वींच वाचकांशीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

हाताच्या खुणेनें यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. १९८० सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत रिचर्ड बोल्ट यांनीं भिंतीवरील चित्राकडे बोट दाखवून व तोंडानें आज्ञा देऊन तें चित्र हलवून दाखविलें. पुढें त्याच दशकांत तारा बसविलेले हातमोजे आले. आतां मोज्यांचीही गरज उरलेली नाहीं. चष्म्यास बसविलेले बारीक कॅमेरे हात पाहतात, आणि आंतील गणकयंत्र त्यावर कांहीं बिंदु कल्पितें. गूगल कंपनीनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत असे २१ बिंदु आहेत: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. अंगठ्याच्या व तर्जनीच्या टोकांचे बिंदु एकमेकांस भिडले म्हणजे चिमूट झाली, असें यंत्र समजतें.

मायक्रोसॉफ्टच्या २०१६ सालच्या चष्म्यांत हात डोळ्यांसमोर उचलून धरावा लागे. अधांतरीं धरलेला हात किती लवकर भरून येतो, हें भिंतीस चुना लावणारास विचारावें. २०२४ सालीं ॲपल कंपनीनें अमेरिकेंत विक्रीस काढलेल्या चष्म्यांत ही अडचण दूर झाली: वस्तु निवडावयाची नजरेनें, आणि चिमूट घ्यावयाची ती हात मांडीवर ठेवून. २०२५ सालीं मेटा कंपनीनें आपल्या चष्म्यासाठीं त्याहूनही लहान खूण आणली. तर्जनीवरून अंगठा अलगद सरकवावा, एवढेंच.

वाचकहो, या दोन्ही खुणा आपणांस अपरिचित आहेत काय? जी चिमूट रांगोळीची रेघ ओढते, देवास हळदकुंकू वाहते, आमटींत हिंग टाकते, तीच ही. आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून जपाची संख्या मोजण्याची करमाला तर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. अभियंत्यांनीं नानाविध प्रयोग करून हात खालीं आणला, खूण लहान केली, आणि ते जेथें पोंचले तेथें आपली आजी आधींच बसलेली होती.

मग उणें कोठें पडतें? आमच्या परिचयाच्या एका घरीं दिवाळीच्या सुटींत नातवानें असाच एक चष्मा आजींस दिला. आजींची चिमूट यंत्रास नातवाच्या चिमटीहून चांगली कळली. पंचाईत पुढें झाली. चित्रें पाहतां पाहतां आजी बोलूं लागल्या, आणि त्या बोलूं लागल्या म्हणजे त्यांचे हातही बोलणारच. प्रत्येक हालचालीस यंत्र हुकूम समजूं लागलें; चित्रें आपोआप उघडूं मिटूं लागलीं. नातू म्हणाला, "आजी, बोलतांना हात हलवूं नकोस गं." आजी हात मांडीवर ठेवून गप्प झाल्या. नातवाचा हेतु वाईट नव्हता. परंतु त्या क्षणीं जें घडलें तें लहान नाहीं. यंत्रानें माणसाचा हात ओळखावा, हें बाजूस राहून, यंत्रासाठीं माणसानें हात बांधून बसावें, असा उलटा क्रम तेथें सुरू झाला.

खूण म्हणजे दोघांमधील करार. हा करार कसा असतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मराठवाड्यांतील गुरांच्या बाजारांत जावें. आपल्या लातूर जिल्ह्यांतील हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा प्रसिद्धच आहेत. देवणी व लाल कंधारी हीं याच भागांतील गुरें. गुरांच्या बाजारांत हातावर रुमाल टाकून भाव करण्याची रीत आहे. धरलेलीं बोटें हा आकडा. शेकडा कीं हजार, हें जनावर पाहूनच समजावयाचें. रुमाल पडला कीं बोलणें सुरू, उचलला कीं संपलें. त्याआधीं वा नंतर हात कितीही हलोत, त्यानें सौदा होत नाहीं. बोट धरलें हें दोघांसही स्पर्शानें कळतें. हात कांपरा असला, किंवा कडबा कापतांना एखादें पेर गेलेलें असलें, तरी समोरचा मनुष्य तें समजून घेतो. आणि ज्याचा संबंध नाहीं त्यास आंतलें दिसत नाहीं.

यंत्राजवळ हा रुमाल नाहीं. खूण कोठें सुरू झाली हें त्यास नीट उमगत नाहीं, हवेंतील चिमटीस उलट स्पर्श मिळत नाहीं, आणि हाताबरोबर त्याचे कॅमेरे माजघरही पाहतात.

तेव्हां हा चष्मा घरीं आणणारांस आमची सूचना एवढीच. तो एकट्या तरुणानें पारखूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध हातास अगोदर द्यावा. खुणा तात्पुरत्या बंद ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं, आणि टिपलेलीं चित्रें कोठें साठतात, हें विचारावें. ज्यांचा हात चालत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आहे काय, हेंही पाहावें. ॲपलच्या चष्म्यांत मान किंवा मनगट यांनीं निर्देश करण्याची, आणि चिमटीऐवजीं नजर क्षणभर स्थिर ठेवण्याची योजना आहे. परंतु ती कोणी जाणत्यानें लावून द्यावी लागते. तें काम नातवाचें. आणि आजी बोलूं लागल्या, तर त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा उतरवून स्वस्थपणें ऐकत बसावें. त्यांचे हात मोकळे असले म्हणजे गोष्टही मोकळी होते.