डुगडुगणारा चौरंग
मी सुतारकाम शिकू लागलो, तेव्हा स्नेहलतागंजातील एका काकांनी आईला विचारले, "वहिनी, मुलाला सुतार करायचा आहे काय?" थट्टाच ती, परंतु तीत एका कसबी माणसाची अवहेलना होती, हे मला माझ्या पहिल्या चौरंगाने शिकविले.

तो मी नुसत्या खिळ्यांनी ठोकला होता. पावसाळ्यात लाकूड फुगले, उन्हाळ्यात आकसले, खिळे सैल झाले आणि फुले निवडावयास बसलेली आजी कलंडता कलंडता वाचली! दुसऱ्या खेपेस पायांना भोके पाडून आडपट्ट्यांना कुसवे काढली. कुसवाची जाडी लाकडाच्या सुमारे एक-तृतीयांश असावी. करवत रेघेवर नव्हे, टाकाऊ भागाकडून चालवावी. नियम एवढेच; पण ते हाती उतरेपर्यंत तीन पट्ट्या वाया गेल्या.

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी सुतारकामाचा उल्लेख आहे. मात्र गुणांपुरते जोडांचे नमुने करून ते कपाटात ठेवण्यास माझा विरोध आहे. प्रथम पाट, मग चौरंग, अशा घरात वापरावयाच्या वस्तूच मुलांनी कराव्यात. नमुन्यातील फट गुरुजींच्या नजरेतून सुटेलही. आजीच्या बैठकीतून सुटत नाही.

नवा चौरंग डुगडुगत नाही. एका पायाशी फट आहे. ती मी भुसा भरून लपविलेली नाही.