प्रतिपिंडांची मालकी कोणाची?

कर्करोगाच्या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने आजवर बहुधा रुग्णालयातील खाटा आणि औषधांचे भाव एवढ्याच बाजूने पाहिले आहे. ते चूक नव्हे. परंतु औषधाच्या मालकीचा प्रश्न दुकानात नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी प्रयोगशाळेत निकालात निघतो, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड राहते.

पेशींना वाढण्याचा निरोप देणारी काही प्रथिने शरीरात असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने झेलतात. ती बेसुमार झाली की पेशी अनिर्बंध वाढू लागते. परंतु पेशीतल्या हजारो प्रथिनांतून नेमके एक हुडकायचे कसे? त्यासाठी संशोधकाला त्या एकाच प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रतिपिंड लागते.

पूर्वी अशी प्रतिपिंडे सशा-घोड्यांच्या रक्तातून काढीत, आणि दर जनावरागणिक ती निराळी निघत. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड करणारी पेशी अमर अशा कर्कपेशीशी जुळवली आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड अखंड देणारी पेशीजात निर्माण केली. प्रयोगशाळा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पैसा तेथील करदात्यांचा. मिलस्टाइन मूळचे अर्जेंटिनाचे. १९६२ च्या लष्करी उठावानंतर सहकाऱ्यांची बडतर्फी झाली तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडलेले. त्यांनी आपल्या पेशी अनेक प्रयोगशाळांना मोकळ्या हाताने दिल्या. शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. त्यामागे निव्वळ औदार्य होते असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या सरकारी महामंडळाकडे विचारणा झाली, त्याला या शोधाचा तातडीचा उपयोगच दिसला नाही! उलट फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने याच तंत्राने केलेल्या प्रतिपिंडांवर अमेरिकेत पेटंटे मिळवली.

पुढचा इतिहास ओळखीचा आहे. हर-२ या ग्राही प्रथिनाचे जनुक जादा प्रतींत असले की स्तनाचा कर्करोग अधिक आक्रमक होतो, हे १९८७ साली डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्या ग्राहीला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब हे जेनेन्टेक कंपनीचे प्रतिपिंड १९९८ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. आपल्याकडे त्याच्या एका कुपीला लाखाहून अधिक रुपये पडत. रोश कंपनीने २०१३ साली येथील पेटंट सोडले. २०१४ च्या प्रारंभी देशी बनावटीचे समतुल्य औषध बाजारात आले, तेव्हा हीच रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भाव उतरला, पण शेतमजुराच्या घरातल्या बाईला परवडेल इतका नव्हे.

प्रतिपिंड ही गोळी नव्हे, जिवंत पेशी वाढवून ते करावे लागते आणि त्याला खर्च येतो, हे मान्य. प्रश्न खर्चाचा नसून लोकांच्या पैशातून उगम पावलेल्या ज्ञानाला कुंपण घालण्याचा आहे. प्रयोगशाळेतही तीच गत: आपल्या विद्यापीठातील संशोधकाला काही थेंबांची कुपी पुष्कळदा परदेशी कंपनीच्या यादीतून महागात मागवावी लागते.

यावर तोड आहे, आणि ती भांडवलशाहीच्या माहेरघरीच सापडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८६ साली स्थापन केलेली प्रतिपिंड-पेशींची पेढी आयोवा विद्यापीठात चालते. नफा न घेता ती संशोधकांना प्रतिपिंडे पुरवते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचा संग्रह आहे, त्याच्या जोडीला अशी पेढी उभारता येईल. सरकारी अनुदानातून निर्माण झालेली प्रत्येक प्रतिपिंड-पेशी तेथे जमा करण्याची अट अनुदानाच्या कागदावरच घालावी. घोड्यांपासून सर्पदंशावरचे प्रतिपिंड करण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या हाफकिनला नव्या प्रतिपिंड-औषधांच्या उत्पादनासाठी भांडवल द्यावे. आरोग्याच्या अंदाजपत्रकावर बोलायला उभ्या राहणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी या दोन मागण्या आकड्यांसह मांडाव्यात, आणि शाखांनी त्याआधी आपापल्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयात हर-२ ची तपासणी होते की नाही, एवढे तरी विचारून यावे.