भाराभर चिंध्या

गेल्या रविवारी साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या भाचीला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती मालिकांना पार्श्वसंगीत देते आणि मुलांसाठी गोष्टी लिहिते. बोलणारे कोण ते नातेवाइकांना ठाऊक आहे. ते हा ब्लॉगही वाचतात. वाचोत! मी तेव्हा मठ्ठा वाढत होते आणि गप्प बसले. त्याची टोचणी लागली म्हणून हा लेखनप्रपंच.

सत्यजित राय यांना कुणी असं म्हणेल का? (आपल्याकडे 'रे' म्हणतात, मला बंगाल्यांचं 'राय' बरं वाटतं.) त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांना रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ अशा थोरांचं संगीत होतं. १९६१च्या 'तीन कन्या'पासून ते आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करू लागले. आणि त्याच वर्षी, चाळिशीत, त्यांनी 'संदेश' पुन्हा सुरू केलं. हे मुलांचं मासिक आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली काढलेलं, पुढे बंद पडलेलं. कवी सुभाष मुखोपाध्याय जोडीला होते. त्यातच प्रोफेसर शंकू जन्मले, १९६५ साली फेलूदा आला. म्हणजे संगीतकार आणि मुलांचा लेखक एकाच वर्षी उभे राहिले. कुठली चिंधी फेकायची, सांगा बघू?

"पण ते मुळात दिग्दर्शक होते ना!" हे उत्तर येणार, मला माहीत आहे. बरं, मग 'गूपी गाईन बाघा बाईन' (१९६९) बघा. बाबा मोठ्यांचेच सिनेमे काढतात अशी मुलगा संदीपची तक्रार, म्हणून काढलेला. गोष्ट आजोबांची; पटकथा, गाणी, चाली रायांच्या. त्यात भुतांचा नाच आहे, सहा मिनिटांहून मोठा. राजे, रयत, गोरे साहेब आणि ढेरपोटे अशा भुतांच्या चार जाती, आणि साथीला फक्त दक्षिणेकडची वाद्यं... मृदंगम, घटम, खंजिरा, मोरसिंग. प्रत्येक जातीला एकेक. पेटी नाही, बासरी नाही, नुसता ताल. पोरांचंच आहे म्हणून एक ढोलकी बडवून भागवता आलं नसतं का?

"पोरांचंच आहे." हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत आयुष्यभर ऐकलं. संमेलनाची गाणी लिहायचं काम ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यात पडायचं. मी तरी काय मोठी शहाणी! भूगोलाच्या तासाला बाकाखाली गुप्तहेराची गोष्ट वाचणाऱ्या एका मुलाचं पुस्तक मी काढून घेतलं होतं. परत दिलं की नाही, आता आठवत नाही.

भाची काही सत्यजित राय नाही, एवढं मलाही कळतं. तिच्या दोन गोष्टी मला मुळीच आवडल्या नाहीत, आणि तसं तिला तोंडावर सांगितलं. तिने एक बदलली, एक तशीच ठेवली. गोष्ट फसली असेल तर फसली म्हणा की, पण वाचून म्हणा. त्या पंगतीत तिचं एक तरी पान वाचलेलं कोण होतं?

पुस्तक आमच्या बाहेरच्या खोलीत टीपॉयवर आहे. चाळीस पानांचं, मोठ्या अक्षरातलं. संबंधितांनी शनिवारी चहाला यावं. चष्मा विसरू नये.