अडीचशे रुपयांचा डबा आणि एक फूटपट्टी



गेल्या महिन्यात आळेफाट्याहून प्रथमोपचाराची तयार पेटी आणली. किंमत अडीचशे रुपये. सूनबाई म्हणाली, "आण्णा, एवढ्याशा डब्याला एवढे पैसे?" उघडून पाहिले तर कापसाची गुंडाळी, दोन बँडेज, चिकटपट्टी, बोटाला लावायच्या दहा-बारा पट्ट्या, मलमाची एक ट्यूब, बोथट कात्री आणि एक ब्लेड.

परीक्षा लगेच झाली. कांद्याची पात कापताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विळा लागला. मी घाईने जखमेवर कापूस दाबला. रक्त थांबले, पण कापसाचे तंतू जखमेत चिकटून बसले. आणि चिकटपट्टी? घामाने दहा मिनिटांत सुटली! मास्तरकीतल्या सवयीने मी डब्याला शंभरपैकी पस्तीस गुण दिले. तेही डबा बरा आहे आणि झाकण घट्ट लागते म्हणून.

माझे मत असे की हा डबा वाईट नाही, पण तो शहरातल्या स्वयंपाकघरासाठी भरलेला आहे. पिंपळवंडीच्या शेतकऱ्याने डबा विकत घ्यावा आणि आतला माल स्वतः भरावा. मी कापूस मागे ठेवून गॉजच्या निर्जंतुक घड्या आणल्या. पोव्हिडोन आयोडीनची बाटली, ओआरएसची चार पाकिटे, चांगली चिकटपट्टी घातली. आणि अंगाच्या साबणाची एक नवी वडी.

साबण पाहून नातू हसला. पण आपला जुन्नर बिबट्यांचा तालुका, माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्र आहे. गावातली मोकाट कुत्री वेगळीच. कुत्रा चावो की बिबट्याचा पंजा लागो, रक्त भळभळत नसेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि मग रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. भळभळत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरायचे. हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. दहा रुपयांची ही वडी त्या मलमाच्या ट्यूबपेक्षा कितीतरी मोलाची.

आता ब्लेडचे सांगतो. ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकले. त्याला कारण आहे.

नोकरीत असताना मी दरवर्षी फळ्यावर पायाचे चित्र काढून मुलांना शिकवायचो : साप चावला की वर दोरी आवळून बांधा, ब्लेडने चिरा द्या, रक्त वाहू द्या. मुले पाठ करायची, मी पूर्ण गुण द्यायचो. काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी भेटला. शेतात त्याला घोणस चावली होती. "गुरुजी, तुम्ही शिकवलं तसंच केलं," म्हणाला. दोरी इतकी करकचून बांधली होती की डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पायाची दोन बोटे गेली. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

घोणशीचे विष चावल्या जागचे मांस नासवते. दोरीने रक्त अडवले की ते आणखी नासते. चिरा दिला तर विष निघत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारांवर उतारा एकच, प्रतिविष, आणि ते दवाखान्यातच मिळते. घरी एवढेच करायचे : धीर द्यायचा, अंगठ्या-जोडवी काढायची, पाय हलू द्यायचा नाही, चालवायचे नाही, १०८ ला फोन करायचा. मण्यारीचे तर रात्री झोपेत चावलेले कळतही नाही, दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. म्हणून "बघू सकाळी" म्हणायचे नाही.

तेव्हा ब्लेडच्या जागी मी शाळेतली लाकडी फूटपट्टी ठेवली आहे. हाताला आधार द्यायला पुरते. पायासाठी तिच्याशेजारी बांबूची लांब कामटी आणि जुन्या धोतराच्या रुंद पट्ट्या, सैल बांधायला. (या फूटपट्टीने मी बऱ्याच जणांचे तळहात लाल केलेत. असो.) झाकणाच्या आत कागद चिकटवला : १०८, जवळच्या दोन दवाखान्यांचे नंबर, आणि रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर. अक्षर मोठे काढले, चष्मा नसला तरी वाचता यावे म्हणून.

त्या विद्यार्थ्याला बोलावून डबा दाखवला. त्याने फूटपट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, असाच एक मोटारीच्या खोलीत ठेवा. रात्रीची लाईट असली की आम्ही तिथंच असतो." दुसरा डबा काल आणला.