एमएच म्हणजे महाराष्ट्र नव्हे

स्पेनमध्ये शिकून आलेल्या मुलामुलींच्या गुणपत्रिका इंग्रजीत करून घ्यायला माझ्याकडे बहुतेक वेळा वडीलच येतात. त्यांना घाई असते. गुणपत्रिकेत वाक्यं नाहीत, नुसती अक्षरं आणि आकडे. मग त्यात करायचं तरी काय, असा त्यांचा सरळ सवाल. माझं म्हणणं, वाक्यं नाहीत म्हणूनच हे काम जोखमीचं. वाक्य चुकलं तर मागच्या-पुढच्या मजकुरावरून वाचणाऱ्याला शंका येते. दोन अक्षरं चुकली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

'एमएच'चंच घ्या. नागपूरकराला गाडीचा नंबर आठवतो. "आपलं एमएच एकतीस का मॅडम?" असं एका गृहस्थांनी हसत विचारलंही. ते 'मात्रिकुला दे ओनोर'चं लघुरूप. शब्दाला शब्द ठेवला तर 'मॅट्रिक्युलेशन' होतं, आणि इथल्या एचआरवाल्याला तो दहावीचा काही प्रकार वाटतो. खरं तर तो त्या विषयातला सर्वांत वरचा शेरा. दहापैकी किमान ९ गुण हवेत, शिवाय विषयाला नाव नोंदवलेल्यांपैकी ५ टक्क्यांहून जास्त जणांना तो देता येत नाही. वर्ग विसाहून लहान असेल तर एकालाच. तिथे 'ए प्लस' लिहून मोकळं झालं, की ही ५ टक्क्यांची अट गेली. पोरीच्या कमाईतला निम्मा वाटा अनुवादकानेच खाल्ला.

'एनपी' म्हणजे परीक्षेला बसलाच नाही. आपल्याकडे ते सहज 'नॉट पास्ड' होऊन जातं. 'ओबी' दिसलं की एमबीएवाल्यांना ऑर्गनायझेशनल बिहेविअर आठवतं, तिथे त्याचा अर्थ फक्त सक्तीचा विषय. सगळ्यांत फसवी 'एक्स्ट्राऑर्दिनारिया' ही परीक्षेची फेरी. 'एक्स्ट्राऑर्डिनरी' लिहिलं की वाटतं, पोराने काही तरी अचाट करून दाखवलं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत राहिलेल्यांना मिळालेली ती दुसरी संधी! "राहू द्या न मॅडम तसंच, वाचायला चांगलं वाटते," अशी एका वडिलांनी गळ घातली. वाटते खरं, पण खाली सही माझी असते.

म्हणून मी मूळ लघुरूप जसंच्या तसं ठेवते, पुढे चौकटी कंसात पूर्ण अर्थ देते आणि गुणांना हात लावत नाही. '६,८' मधला स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे, एवढं सांगितलं की पुढची मागणी ठरलेली: मग ६८ टक्के लिहा. नाही लिहीत. तिकडे ५ ते ६.९ हा उत्तीर्णांचा गट, ७ पासून पुढचा आणि ९ पासून सर्वांत वरचा. तिथले ६.८ म्हणजे इथले किती, हे मी कोण ठरवणार? समकक्षता ठरवायला दिल्लीत वेगळी यंत्रणा बसलेली आहे. क्रेडिटचंही तसंच. तिकडे एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात आणि त्यात घरचा अभ्यासही येतो; आपल्याकडे १५ तासांच्या व्याख्यानांचं एक क्रेडिट. दोन्हींना एका तागडीत टाकण्याचा अधिकार अनुवादकाला कुणी दिलेला नाही.

या साऱ्याचा खुलासा अनेक स्पॅनिश विद्यापीठं शेवटच्या पानावर छापतात, २००३च्या शाही अध्यादेशाचा हवाला देऊन. नेमकं तेच पान आमचे लोक गाळतात. पैसे पानागणिक असतात न! "ते नुसते नियम आहेत, ते सोडा." अपॉस्टिल लागलंय म्हणजे सगळं झालं, असाही एक भ्रम आहे. अपॉस्टिल सही-शिक्क्याची ग्वाही देतं. 'एनपी'चा अर्थ सांगत नाही.

आता आपले कागद उलट्या दिशेने जातात तेव्हा काय होतं तेही पाहा. नागपूर-अमरावतीकडच्या परीक्षा 'समर' नाही तर 'विंटर'. 'एस-१५', 'डब्ल्यू-१४' हे आपल्याला वाचता येतं, कारण पंचेचाळीस डिग्रीत पेपर आपण दिलेले असतात. माद्रिदच्या कारकुनाला ते उन्हाळी सुटीतलं शिबिर वाटलं तर त्याचा काय दोष? 'एटीकेटी'चं 'अलाउड टू कीप टर्म्स' असं पूर्ण रूप दिलं तरी त्याला बोध होणार नाही. काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसू दिलं, हे सांगावंच लागतं. नागपूर विद्यापीठ १९२३चं. एवढ्या काळात परीक्षापद्धती बदलल्या, श्रेणी आल्या, आणि जुन्या खुणा वाचणारे कर्मचारी निवृत्त होत गेले. आपल्या सगळ्याच विद्यापीठांनी प्रत्येक ट्रान्सक्रिप्टवर, त्याच कागदावर, त्या-त्या वर्षी लागू असलेल्या लघुरूपांचा खुलासा छापला पाहिजे. तो वेगळा अर्ज करून आणि वेगळं शुल्क भरून मागायची पाळी विद्यार्थ्यावर येता कामा नये.

ते होईस्तोवर बाहेर निघणाऱ्यांनी परीक्षा विभागाकडून तसा खुलासा शिक्क्यानिशी घेऊनच शहर सोडावं. आणि स्पेनहून येणाऱ्यांनी शेवटचं पान फायलीतून काढू नये. त्या पानाचे मी निम्मेच पैसे घेते.